बॉल न मिळालेल्यांचा चहा

ऋषीच्या सेमिनारले मी मागच्या रांगेत बसलो होतो, प्रोजेक्टरच्या वायरजवळ. वायर ढिली आहे. हलली का स्क्रीन निळी होते, म्हणून कोणीतरी ती पायानं दाबून बसावं लागते. तो कोणीतरी म्हणजे मी.

त्यानं स्लाइड बदलली आणि माझा गेम आला.

तीन पोट्टे गल्लीत उभे, एकाच्या हातात लाल प्लास्टिकचा बॉल. मागं भिंत, भिंतीवर विटेच्या तुकड्यानं काढलेले स्टंप. ती भिंत आमच्या कोराडीच्या कॉलनीतली आहे. मी फोटो काढला आणि त्यावरून बनवली. बॉलच्या टप्प्याचा आवाज आमच्या क्वार्टरच्या मागं रेकॉर्ड केला. त्यात कोळशाच्या ट्रकची घरघर येत होती, ती काढता काढता जीव गेला.

"हे आम्ही इथंच डेव्हलप केलं," ऋषी म्हणाला.

आम्ही.

स्लाइडच्या खाली बारीक अक्षरात होतं: तांत्रिक साहाय्य, विभाग. विभाग माझं नाव नाही.

टाळ्या पडल्या. बाहेरगावच्या एका प्राध्यापकानं तर उठून हात मिळवला त्याच्याशी. मी वायरवरचा पाय उचलला नाही. उचलावा वाटला होता, खोटं कायले बोलू.

आता मी कोण ते सांगून देतो.

मी सुशील. मानसशास्त्र विभागाच्या लॅबमध्ये कंत्राटी सहाय्यक. आलो होतो प्रिंटर दुरुस्त कराले, राहून गेलो. बी.कॉम. अर्ध्यात सोडलेलं. प्रोग्रामिंग व्हिडिओ पाहून शिकलो, कॉलनीच्या बसमध्ये जाता येता, कानात वायर घालून. आमचे बाबा पॉवर स्टेशनमध्ये आहेत. त्याइले अजूनही वाटते का मी पागलखान्यात कामाले आहे. घरी गेलो का विचारतात, "पेशंट शांत आहेत ना गा सगळे?"

लॅबमध्ये एक लोखंडी कपाट आहे. त्यात जुन्या जमान्याची यंत्रं. आरशात पाहून चांदणी गिरवायचं एक, शब्द दाखवणारा फिरता ड्रम, डोळे बांधून बोटानं वाट शोधायची लाकडी पाटी. सुमती मॅडम विभागाच्या प्रमुख. त्याइनं एक दिवस कपाट उघडून विचारलं, "सुशील, हे सगळं कॉम्प्युटरवर करता येईल का गा?"

मी म्हटलं, होऊन जाईन. मले येत नव्हतं. पण शिकलो. एक एक यंत्र कॉम्प्युटरमध्ये घातलं. मॅडम माझ्या बाजूले खुर्ची घेऊन बसत, "हे जरा हळू कर, ते जरा मोठं कर." डेटा आला का पहिले आम्ही दोघं पाहत असू. मले आकडेशास्त्र समजत नव्हतं तरी मॅडम समजावून सांगत, आणि मी मान हलवत होतो, आणि मग खरंच समजाले लागलं.

मग ऋषी आला.

बंगलोरहून पीएच.डी. करून. घर इथंच धरमपेठेत, पैसेवाल्याइच्या वस्तीत. मॅडमच्या प्रोजेक्टले दिल्लीहून ग्रँट मिळाली होती, त्यात एक संशोधकाची जागा होती, ती त्याची. माझ्याच वयाचा. पहिल्याच दिवशी म्हणाला, "मला तू म्हण यार." मी हो म्हटलं आणि त्याच्याशी असं बोलाले शिकलो का तू पण यावं लागत नाही आणि तुम्ही पण यावं लागत नाही. "ती फाइल पाहून झाली का?" असं. कठीण असते, पण जमते.

मले त्याचा राग यावा असं त्यानं काही केलं नाही. हाच तर त्रास होता.

मॅडम मले अजूनही म्हणत, "सुशील, हे बघ गा." त्याले म्हणत, "ऋषी, व्हॉट डू यू थिंक?" माझ्याकडून काम पाहिजे होतं, त्याच्याकडून विचार. माझ्या बाजूची खुर्ची त्याच्या टेबलाजवळ गेली. आणि इंदुताई, विभागात चहापाणी पाहतात त्या, त्याइनं त्याले कानवाला कप देणं सुरू केलं. मले कागदी.

"काय गा सुशील," इंदुताई मले म्हणाल्या, "तुही सवत आली वाटते."

"कायची सवत वं इंदुताई."

"तोंड पाह्य जरा आरशात. चांदणीवाला आरसा आहे ना तुह्याजवळ."

आता बॉलचं सांगतो, कारण सगळं त्याच्यावरच आहे.

हा खेळ मी शोधला नाही. जगभरच्या लॅबमध्ये वापरतात. कॉम्प्युटरवर तीन जण बॉल फेकतात. एक तुम्ही. बाकीचे दोघं दुसऱ्या कॉलेजात बसले आहेत असं तुम्हाले सांगतात. आमच्या गेममध्ये एक कामिनी, अमरावतीची. एक विक्रम, वर्ध्याचा. दोघंही नाहीत. दोघंही मीच लिहिले आहेत. सुरुवातीले ते तुम्हाले एक दोनदा बॉल देतात, आणि मग कॉम्प्युटरनं चिठ्ठी काढल्यासारखं ठरवलेलं असते त्याप्रमाणं, काही जणाइले बरोबर वाटणी मिळते आणि काही जणाइले बॉल येतच नाही. कामिनी विक्रमले देते, विक्रम कामिनीले. तुम्ही उभे.

साधी गोष्ट आहे. पण माणसाले लागते. जबर लागते.

माझी करामत एवढीच का माझे कामिनी आणि विक्रम माणसासारखे थांबतात. विक्रम घाई करते. कामिनी बॉल हातात घेऊन इकडं पाहते, तिकडं पाहते, तुमच्याकडं पाहते, आणि मग विक्रमले देते. ते तुमच्याकडं पाहणं मी टाकलं. मॅडम पहिल्यांदा खेळल्या तेव्हा म्हणाल्या होत्या, "दुष्ट आहेस गा तू." एवढं मोठं सर्टिफिकेट मले कोणी दिलं नाही.

त्या सेमिनारनंतर आमचा प्रयोग सुरू झाला, तो असा होता: बॉल न मिळाल्याचं दुःख किती वेळ टिकते. म्हणून पोट्टे खेळले का कॉरिडॉरमधल्या बाकावर बसत. मोबाइल टोपलीत. कोणाशी बोलणं नाही, काही वाचणं नाही. नुसतं बसायचं. मग आतल्या खोलीत जाऊन प्रश्नावली भरायची, आता कसं वाटते त्याची. सगळं झालं का त्याइले खरं सांगायचं का बाबा, हे दोघं नव्हतेच. एथिक्स कमिटीनं या अटीवरच परवानगी दिली होती.

बाकावर कोणी बोलू नये हे पाहायचं काम माझं. खेळाच्या खोलीत ऋषी. आणि काय निघन हे त्यानं प्रयोगाआधीच एका वेबसाइटवर लिहून कुलूप लावून टाकलं होतं, म्हणजे नंतर कोणी म्हणू नये का निकाल पाहून गोष्ट रचली. चांगली पद्धत आहे. मी ते पान उघडलं. नावं होती, मॅडमचं, ऋषीचं. मी पानावर माझं नाव शोधलं. कॉम्प्युटर म्हणाला, सापडलं नाही.

हर्षा पहिल्या आठवड्यात आली. काटोलकडची पोट्टी, बी.ए. पहिलं वर्ष. खेळाच्या खोलीतून निघाली आणि बाकावर बसली. मले चेहऱ्यावरूनच समजलं का हिले बॉल मिळाला नाही. ओढणीचं टोक बोटाले गुंडाळत होती, सोडत होती.

थोड्या वेळानं म्हणाली, "सर, ते दोघं एकमेकाइले ओळखतात का?"

मी बोलायचं नव्हतं. मी म्हटलं, "कोण?"

"कामिनी आणि विक्रम. कारण ते ना, आपसातच खेळून राहिले होते. मले वाटलं माझं नेट गेलं."

नेट गेलं नव्हतं. मीच तसं लिहिलं होतं, बसमध्ये बसून, मजा घेत घेत.

मी उठलो, इंदुताईच्या किटलीतून कागदी कपात चहा आणला आणि तिच्या हातात दिला. मग तिनं विचारलं सर तुम्ही कुठले, मी म्हटलं कोराडी, ती म्हणाली तिचा मामा तिथंच आहे. मामा कोणत्या सेक्शनमध्ये, कोणत्या बसनं येते, असं बोलणं निघालं. हसली पण. मग आत जाऊन प्रश्नावली भरून आली. आम्ही तिले खरं सांगितलं तर म्हणाली, "जाऊ द्या सर, मले काही वाटलं नाही."

सर्व्हर मीच सांभाळतो. तिचे आकडे पाहिले. खरंच काही वाटलं नव्हतं. बॉल मिळालेल्या पोट्ट्याइसारखेच आकडे.

इथपर्यंत मी चांगला माणूस होतो.

त्या दिवशी संध्याकाळी ऋषी डेटा पाहत बसला होता, आणि हर्षाच्या ओळीवर थांबला. पेन तोंडात धरलं. "स्ट्रेंज," म्हणाला. मी त्याच्या मागं उभा होतो. मले पोटात असं काही तरी गोड गोड वाटलं का काय सांगू. उपाशी माणसाले पहिल्या घासाले वाटते तसं.

दुसऱ्या दिवशी मी किटली कॉरिडॉरमध्येच ठेवाले लावली.

कोणाले बॉल मिळाला नाही हे मले कोणी सांगत नव्हतं. ऋषीलेही माहीत नसायचं, ते कॉम्प्युटरच ठरवत होता. पण चेहरा दिसते ना. ज्याइले बॉल मिळाला ते बाकावर बसून पंखा पाहत. ज्याइले नाही मिळाला ते जमीन पाहत. जमीन पाहणाऱ्याले मी चहा देत होतो. "कोणत्या गावचा गा?" "जेवला का?" "मेसमध्ये काय होतं आज?" बास, एवढंच. बर्डीच्या बाजारात इयरफोन कुठं चांगले मिळतात, मेट्रोत भीड कधी कमी राहते. पोट्टे मोकळे होत. आणि आत जाऊन लिहीत, मी ठीक आहे.

घरी जाताना बसमध्ये मी स्वतःले सांगत होतो का बिचारे पोट्टे, एवढ्या दूरून येतात, एक कप चहा दिला तर काय झालं. हे अर्धं खरं होतं. बाकीच्या अर्ध्यात ऋषीचा चेहरा होता, पेन तोंडात धरलेला.

असे आठवडे गेले. ऋषीची दाढी वाढली. तो मले विचारे, "सुशील भाऊ, बाकावर सगळं नीट चाललंय ना? कोणी बोलत नाही ना?"

"कोणी नाही बोलत."

खरंच होतं ते. पोट्टे थोडेच बोलत होते पहिले. मी बोलत होतो.

मग मॅडमनं मीटिंग बोलावली. मॅडम, ऋषी, मी. बाहेर इंदुताईंचं कपबशा धुणं चालू. ऋषीनं दोन रेघा दाखवल्या, बॉल मिळालेल्याइची आणि न मिळालेल्याइची. एकमेकीवर पडलेल्या होत्या.

"काहीच फरक नाही?" मॅडम म्हणाल्या.

"काहीच नाही. जगभर फरक येतो, आपल्याकडे नाही." ऋषी माझ्याकडं न पाहता बोलला. "मला वाटतं, मॅडम, गेममध्ये प्रॉब्लेम आहे."

मी मान वर केली.

"सुशीलनं छान बनवलाय, प्रश्नच नाही. पण मुलांना तो पटत नसणार. भिंत, स्टंप, हे सगळं कार्टूनसारखं वाटतं. त्यांना कळत असेल की समोर माणूस नाही. मग वाईट कशाला वाटेल? बाहेरचा तयार प्लॅटफॉर्म आहे, बऱ्याच युनिव्हर्सिट्या तोच घेतात. ग्रँटमध्ये बसतो. आपण त्यावर शिफ्ट होऊ."

मॅडमनं त्या दोन रेघाइकडं पुन्हा पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "सुशील, तुझं काय म्हणणं आहे गा?"

माझे कान गरम झाले होते. मी त्याच्या रेघा खाली पाडत होतो आणि त्या माझ्या गेमवर पडल्या. माझे कामिनी विक्रम कार्टून. पोट्ट्याइले पटत नाही म्हणे. अबे, पटत नाही तर जमीन कायले पाहतात? पण हे बोलाले तोंड उघडलं असतं तर चहा पण बाहेर आला असता.

"गेम चालतो, मॅडम," मी म्हटलं.

"डेटा म्हणतोय नाही चालत," ऋषी म्हणाला.

"डेटा काही म्हणो. गेम चालतो."

"सुशील, असं श्रद्धेनं नाही ना होत."

"मग बसून पाहावं एकदा," मी म्हटलं. "खेळाच्या खोलीत पोट्ट्याइसारखं बसावं. मोबाइल टोपलीत टाकून."

तो हसला. "मला सगळं माहीत आहे यार. कामिनी नाही, विक्रम नाही. मला काय होणार?"

"काही नाही होणार तर घ्यावा तो बाहेरचा प्लॅटफॉर्म. मी काहीच नाही बोलणार."

मॅडमनं घड्याळ पाहिलं. "मला लेक्चर आहे. ऋषी, बस तू. मी परत आले की ठरवू." आणि पर्स उचलून गेल्या.

मी त्याले सगळ्यात खराब वाटणी लावली. एकदा बॉल, मग काहीच नाही. बाजूच्या खोलीतल्या स्क्रीनवर मी पाहून राहिलो होतो. त्याचा चेहरा दिसत नाही, फक्त त्याचा माऊस दिसते.

बॉल आला, त्यानं कामिनीले दिला. कामिनीनं विक्रमले. विक्रमनं कामिनीले. माऊस एका जागी शांत. मग कामिनीनं बॉल धरला, इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं. माऊस हलला. स्वतःच्या पोट्ट्यावर येऊन थांबला, तयार. तिनं विक्रमले दिला.

पुन्हा तेच. माऊस पुन्हा तयार.

मग त्यानं क्लिक केलं. बॉल त्याच्याजवळ नव्हताच, क्लिक करून काही होत नाही. तरी केलं. एकदा, मग लागोपाठ. सगळे पोट्टे करतात असं.

संपलं, आणि तो बाहेर येऊन बाकावर बसला. मी माझ्या स्टुलावर. नियमाप्रमाणं मी काही बोललो नाही. मले जिंकल्याचा आनंद व्हायले पाहिजे होता. मी वाट पाहिली त्याची.

तो जमीन पाहून राहिला होता.

"मूर्खपणा आहे," काही वेळानं तो म्हणाला. माझ्याशी नाही, असंच. "मला माहीत होतं. तरी वाटत होतं की ती एकदा तरी देईल. बघते ना ती आपल्याकडे." मग थांबून म्हणाला, "बंगलोरच्या लॅबमध्ये सगळे जेवायला जायचे तेव्हा हेडफोन लावून बसायचो मी. कोणी विचारलं नाही असं व्हायला नको म्हणून. मला ऐकूच आलं नसेल, असं."

मले हे ऐकायचं नव्हतं. मले तो धरमपेठेतला, न अडखळता बोलणारा, कानवाल्या कपात चहा पिणारा ऋषीच पाहिजे होता. त्याच्यावर जळता येत होतं.

मी उठलो. किटली बाजूलेच होती. कागदी कप घेतला, भरला, त्याच्या हातात दिला. विचार केला नाही. हातालेच सवय झाली होती, जमीन पाहणारा दिसला का कप.

"सकाळपासून काही खाल्लं का?" मी म्हटलं.

"पोहे. तुझ्या त्या लायब्ररीसमोरच्या ठेल्यावरचे. तर्री भयंकर होती."

"त्याले कमी टाक म्हणावं लागते. तो चेहरा पाहून टाकतो. नवा माणूस दिसला का जास्त."

तो हसला. "मी नवा दिसतो?"

"बॅगवरून."

आणखी हसला. चहाचा घोट घेतला. मी ठेल्यावाल्याचं सांगत बसलो, तो कसा एका परीक्षकाले तर्रीनं रडवून वरून पाणी पाजून राहिला होता. ऋषीनं पाय लांब केले, पाठ भिंतीले टेकवली. पंखा पाहाले लागला.

आणि मग हळूच सरळ झाला. हातातल्या कपाकडं पाहिलं. किटलीकडं पाहिलं. कॉरिडॉरमध्ये किटली काहून आहे हे त्यानं इतके दिवस विचारलंच नव्हतं.

"सुशील."

"हं."

"मला आत्ता बरं वाटतंय."

मी किटलीचं झाकण नीट बसवलं.

"मी आत्ता आत जाऊन प्रश्नावली भरली, तर काहीच येणार नाही. हर्षासारखं." तो उठून उभा राहिला. "तू सगळ्यांना देतोस चहा?"

"सगळ्याइले नाही," मी म्हटलं. "जमीन पाहतात त्याइले."

त्याले समजाले वेळ लागला नाही, हुशारच आहे तो. "म्हणजे तुला चेहऱ्यावरून कळत होतं. गेम इतका चालत होता." डोक्याले हात लावला. "माझे सगळे आठवडे, यार. का?"

"पहिल्या पोट्टीले खरंच वाईट वाटलं होतं म्हणून," मी म्हटलं. "नंतर तुह्यामुळे."

पहिल्यांदा त्याले तू म्हटलं, आणि ते असं.

तो काही बोलणार तेवढ्यात जिन्यावर मॅडमच्या चपलांचा आवाज आला. त्या आल्या. दोघाइकडं पाहिलं, कपाकडं पाहिलं. "काय झालं?"

मी वाट पाहून राहिलो का आता तो सांगते. सांगायलेच पाहिजे होतं त्यानं. मी त्याच्या जागी असतो तर मॅडमले जिना चढू दिला नसता, खालीच जाऊन सांगितलं असतं.

"मॅडम, गेम चालतो," ऋषी म्हणाला. "सॉलिड चालतो. चूक माझी आहे. बाकावर काय करायचं नाही, ते मी सुशीलला नीट समजावलं नव्हतं. तो मुलांना चहा देत होता, बोलत होता. त्याला वाटलं पाहुणचार. मी लिहून द्यायला हवं होतं. माझी जबाबदारी."

मॅडमचा चेहरा नरम झाला. त्याइनं ऋषीकडं असं पाहिलं, का एवढ्या वर्षांत माझ्याकडं कधी पाहिलं नव्हतं. मोठ्या मनाचा पोरगा, असं. आणि माझ्याकडं पाहिलं ते भोळ्या माणसाकडं पाहतात तसं.

बस. तेच सहन झालं नाही मले. खुर्ची त्याची, ग्रँट त्याची, स्लाइड त्याची, आणि आता माझी चूक पण त्याची. मले वाचवून तो अजून मोठा होऊन राहिला होता, आणि मी चहा देणारा.

"नाही मॅडम," मी म्हटलं. "त्यानं सांगितलं होतं. चांगलं सांगितलं होतं. मले माहीत होतं चहानं काय होते. सर्व्हरवर दिसत होतं मले. मी जाणूनबुजून केलं."

"सुशील, राहू दे ना," ऋषी हळूच म्हणाला.

"राहू कायले द्यायचं? पाहुणचार नव्हता तो. मले याचा पेपर पाडायचा होता."

कॉरिडॉरमध्ये कपबशा धुण्याचा आवाज थांबला. इंदुताई ऐकून राहिल्या होत्या.

मॅडम बाकावर बसल्या. मग म्हणाल्या, "ती पोरं उन्हातान्हात बस बदलून आली गा. त्यांना आपण खोटं सांगितलं, वाईट वाटायला लावलं. का? तर त्यातून काही कळेल म्हणून. तेवढ्यासाठीच ते माफ असतं." नाकावरचा चष्मा काढला. "आता त्यातून काहीच कळलं नाही. म्हणजे आपण त्यांना उगीचच दुखवलं."

मले ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. हे मी धरलंच नव्हतं कुठं. माझ्या हिशोबात फक्त मी आणि ऋषी होतो. पोट्टे नव्हतेच.

"काढून टाकता का मले?" मी विचारलं.

"ते मी आज नाही ठरवणार. आज मला राग आहे." चष्मा पुसून लावला. "डेटा जाईल. सगळा. प्रयोग पुन्हा होईल, याच गेमवर. तू मशीनच्या खोलीत बसायचं. पोरांसमोर यायचं नाही. बाकावर ऋषी बसेल. आणि एथिक्स कमिटीला जे झालं ते लिहून जाईल. आत्ताच."

त्या त्याच्या टेबलाजवळ बसल्या, ऋषी टाइप कराले लागला, मी मागं उभा. वाक्यं भराभर येत होती त्याची. त्याचं तेही मले खपत नव्हतं, माझ्या गुन्ह्याचं वाक्य पण त्याले किती साफ लिहिता येते ते.

त्यानं लिहिलं: विभागातील एका तांत्रिक सहाय्यकाने सहभागी विद्यार्थ्यांशी प्रतीक्षाकाळात संवाद साधल्याने.

"नाव टाक," मी म्हटलं.

तो मागं वळला. "गरज नसते रे. अशा रिपोर्टमध्ये पद लिहिलं की पुरतं. आणि हे कायम फाइलला राहतं. उद्या तू कुठं अर्ज केलास तर?"

"असू दे. एक सहाय्यक नाही. माझं नाव टाक. आणि गेम पण त्यानंच बनवला, हेही टाक. दोन्ही एकाच वाक्यात टाक."

"दोन्ही एकत्र कशाला?"

"दोन्ही मीच केलं म्हणून."

ऋषीनं मॅडमकडं पाहिलं. मॅडमनं माझ्याकडं पाहिलं, बराच वेळ, खेळाच्या खोलीतून निघालेल्या पोट्ट्याकडं मी पाहत होतो तसं. मग म्हणाल्या, "टाक."

त्यानं "विभागातील एका तांत्रिक सहाय्यकाने" खोडलं. "सुशील" टाइप केलं. आणि बोटं तशीच कीबोर्डवर ठेवून थांबला. मानेमागून लाल झालेला दिसला मले.

"सॉरी," तो म्हणाला, "आडनाव काय तुझं?"

"लांजेवार," मी म्हटलं, आणि तो बरोबर लिहून राहिला का नाही ते पाहाले त्याच्या खांद्यावरून वाकलो.